पाहून लिहिलेले आकडे

१२ नोव्हेंबर

भाऊजी,

वर नुसतं नातं लिहिलं आहे, तेही अजून लागू आहे की नाही मला माहीत नाही. मुंगी दोन तारखेला गेली. सकाळी सव्वानऊला. कळवायला दहा दिवस लागले, कारण तुमचा पत्ता मिळत नव्हता. तो तिच्या जुन्या डायरीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला सापडला. तुम्ही अजून तिथेच आहात असं धरून लिहितो आहे.

आजार दीड वर्षाचा होता. तुम्हाला कळवू का, असं मी तिला दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "राहू दे." दुसऱ्यांदा म्हणाली, "दादा, तुझा चहा गार होतोय." शेवटचे चार दिवस बोलणं बंद होतं. फार त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच असं म्हणत असतील.

आता कामाचं. विद्यापीठाने तिची खोली रिकामी करून मागितली आहे. त्यासाठी तिच्या विभागप्रमुख बाईंकडे गेलो, तर त्यांच्या टेबलावर तुमच्या दोघांचं ते जुनं हस्तलिखित होतं. बाई म्हणाल्या, "काका, यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का?" मला समजलं तेवढं सांगितलं. टेकडीवरच्या प्रार्थनागृहात पौर्णिमेला आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दिवशी पहाटे प्रार्थना असते. त्यासाठी सगळं शहर चारला उठतं, पाणी तापवतं, पंप लावतं. सूर्य उगवलेला नसतो, म्हणजे छपरावरच्या सौर पत्र्यांचा उपयोग नाही, आणि वीज तर एकदम दीडपट लागते. हे दिवस चंद्रावर चालतात, म्हणून कॅलेंडरात दरवर्षी मागे सरकतात. ते नेमके कधी येणार हे तुम्ही प्रार्थनागृहाच्या चारशे वर्षांच्या वह्यांतून काढलंत. किती वीज लागेल याचं गणित मुंगीने केलं. आधीच्या दिवशी विजेची साठवण भरून ठेवली की भागतं, एवढं ठरलं तर डिझेलचं केंद्र बंद करता येतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही तर पाठच केलंय." मी म्हणालो, आकडे मी उपकेंद्रात तासातासाला मीटर पाहून भरलेल्या लॉगशीटवरचे होते.

त्यांना ते पुस्तकरूपाने छापायचं आहे. तिच्या जागी मी सही करायची आणि दुसरे लेखक म्हणून तुम्ही. कागद सोबत जोडले आहेत. सही करून पाठवावेत, एवढीच विनंती.

दादा


२८ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. पहिल्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तिच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी कोणाला दाखवणार नाही.

पाचवी ओळ अशी आहे: "मार्चचे ते तीन दिवस काढल्याशिवाय मी सही करणार नाही."

सात वर्षांनीही तुम्ही तिथेच उभे आहात, याचा मला आधी राग आला. मी विभागप्रमुख बाईंना विचारलं, काढता येतील का. त्या म्हणाल्या, "कारण काय लिहू? नोंद चुकीची होती असं कोणीतरी सांगायला हवं ना. नाहीतर सोयीचं ठेवलं आणि गैरसोयीचं काढलं असं म्हणतील." नियोजन कार्यालयानेही त्या वेळी योजना त्याच तीन दिवसांवरून परत पाठवली होती. चंद्र संपत आला असताना शहर विनाकारण पहाटे चारला उठलं, हे एकदा झालं म्हणजे पुन्हा होऊ शकतं, आणि तसं झालं तर साठवण रिकामी सापडेल आणि शहर अंधारात जाईल. शेरा मला अजून आठवतो: मागणीचा भरवसा नाही.

ती संध्याकाळ तुम्हालाही आठवत असेल. माझ्याच घरी, माझ्याच टेबलावर. मुंगीने वाढलं होतं आणि तुम्ही ताटाला हात लावला नव्हता.

"मुंगी, ते तीन दिवस काढ. ते खोटे आहेत."

"कशावरून?"

"चारशे वर्षांच्या वह्यांत त्या तिथीला प्रार्थना नाही. मी सेवेकऱ्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, आम्ही झोपलो होतो."

"सेवेकरी झोपले म्हणजे शहर झोपलं का?"

"मग कशासाठी उठलं शहर? तुझ्या समीकरणाची करमणूक करायला?"

"दादा पाहिल्याशिवाय लिहीत नाही."

"तुमच्या घरात देवापेक्षा मीटर मोठा," असं तुम्ही म्हणालात आणि मग माझ्याकडे वळलात. "दादा, तुम्हीच सांगा. त्या तीन पहाटे मीटर चढला होता?"

मी म्हणालो, "लिहिलंय म्हणजे चढला असेल."

मग तुम्ही म्हणालात की वीज कार्यालयाला पत्र लिहून लॉगशीटची तपासणीच करायला लावतो, खोट्या नोंदी करणारा माणूस मला माझ्या कामात नको. मुंगी उठून उभी राहिली आणि इतकंच म्हणाली, "ते पत्र गेलं तर आपलं संपलं." पत्र गेलं नाही. महिन्याभराने तुम्ही गेलात.

नोंद ही नोंद असते, भाऊजी. ती कोणाच्या इच्छेने काढता येत नाही. कृपया पुन्हा विचार करावा.

दादा


९ डिसेंबर

भाऊजी,

मागचं पत्र टाकलं आणि घरी येऊन शर्टाची बटणं काढता काढता मला जाणवलं की मी पुन्हा तेच केलं. सात वर्षांपूर्वी तुम्ही सरळ प्रश्न विचारला होता आणि मी आडून उत्तर दिलं. तसंच या वेळीही. तेव्हा ती समोर होती. आता नाही. आता कोणासाठी लपवतो आहे हे मलाच सांगता येणार नाही.

मीटर चढला नव्हता. चढला की नाही हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी तिथे नव्हतो.

त्या मार्चच्या बारा तारखेला आईला दवाखान्यात ठेवलं. तुम्ही दोघं तेव्हा सहा महिन्यांसाठी त्या दूरच्या विद्यापीठात होतात. मी रजा मागितली. साहेब म्हणाले, "दोन माणसं आधीच रजेवर आहेत, तुम्ही दुपारी सुटता ना, मग दुपारपासून बसा की आईपाशी." पण आईला दुपारी बरं असायचं. तिला सकाळीच भीती वाटायची. जाग आली की खोली ओळखू यायची नाही, आणि माझा हात लागला की ती शांत व्हायची. मुंगीला फोनवर मी सांगितलं की मी ड्यूटी करून दुपारी जातो. ती तिकडे जिवाला घोर लावून बसेल आणि अर्ध्यावर सगळं सोडून येईल, म्हणून.

नऊ दिवस मी पहाटे साडेतीनला उपकेंद्रात सही केली, पावणेचारला सायकल काढली आणि साडेअकराला परत आलो. यार्डात माझा जोडीदार असायचा. काही बिघडलं तर तो बघणार होता. त्याला आकडे लिहायला सांगितलं असतं तर अक्षरावरून दोघेही पकडले गेलो असतो. तोही आता हयात नाही, म्हणून त्याचं नाव येऊ नये एवढंच बघा. उपकेंद्र सोडून जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. निवृत्तीला दोन वर्षं होती.

परत आलो की चार ते अकरा असे आठ तासांचे आठ आकडे भरायचे. मी आदल्या वर्षीची फाइल काढली. त्याच तारखेचं पान उघडलं आणि उतरवलं. जसंच्या तसं दिसू नये म्हणून एका तासाला एक अँपिअर वाढवायचो, पुढच्या तासाला एक कमी करायचो. नऊ दिवसांचे बहात्तर आकडे. थंडी तीच, शाळा त्याच, माणसं तीच, मग मीटर वेगळं काय दाखवणार होतं?

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये पंधरा, सोळा, सतरा या प्रार्थनेच्या तारखा होत्या. त्या वर्षी चार, पाच, सहा. मी पंधरा-सोळा-सतराचे चढलेले आकडे उतरवले. प्रार्थनेचा दिवस दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतो ही गोष्ट माझ्या घरात दोन माणसं जेवताना, भांडताना, भाजी निवडताना बोलत होती. सगळ्या शहरात ती तुमच्याखालोखाल मला ठाऊक होती. आणि मी ते पान उघडून बसलो होतो. मला आठवलं नाही.

सोळा तारखेला आई मला म्हणाली होती, "तुझा मीटर एकटा आहे ना रे?" मी म्हणालो, जोडीदार आहे. ती म्हणाली, "मग बस." वीस तारखेला सकाळी ती गेली. त्या दिवशीचे आकडेही मी जाऊन भरले.

तुमचं म्हणणं बरोबर होतं. मुंगीने माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्यापायी तुमचं घर मोडलं, तिचं काम पडून राहिलं. हे मी तिला सांगायला हवं होतं. दीड वर्ष मी रोज तिच्या खाटेशेजारी बसत होतो. वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही.

मी वीज कार्यालयाला आणि नियोजन कार्यालयाला लेखी देणार आहे. त्यानंतर तीन दिवस काढता येतील. मग तुम्ही सही करावी. आभाराच्या पानावर तिने माझं नाव घातलं आहे, तेही काढावं.

दादा


१७ डिसेंबर

भाऊजी,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आतच लिहितो आहे. त्या पत्रातली एक गोष्ट चुकीची आहे, ती दुरुस्त करायला हवी.

काल तिची खोली रिकामी केली. फारसं सामान नव्हतं. दोन कपाटं कागद, एक स्वेटर, खुर्चीवरची उशी, आणि खिडकीत एक कुंडी जिला शिपाईमामा अजून पाणी घालत होते. "रजेवर जाताना बाई म्हणाल्या होत्या, महिनाभर बघा," असं ते म्हणाले. महिना केव्हाच उलटला होता.

खालच्या खणात कच्च्या कामाच्या वह्या होत्या, वर्षवार. त्या वर्षीची काढली. मला गणितातलं काही कळत नाही, पण माझे स्वतःचे आकडे मला कुठेही ओळखू येतात. एका पानावर तिने माझ्या नऊ दिवसांचे आकडे लिहिले होते. त्यांच्या शेजारी आदल्या वर्षीचे त्याच तारखांचे. तिसऱ्या रकान्यात दोन्हींतला फरक. अधिक एक, उणे एक, अधिक एक, उणे एक. बहात्तर ओळी. तिने एकही ओळ गाळलेली नाही, सगळ्या भरल्या आहेत. खाली बेरीज केली आहे: शून्य.

बेरजेखाली दोन वाक्यं आहेत. तशीच उतरवतो.

"सात वाजता दादा आईला चहा पाजत होता. त्याला विचारायचं नाही."

चहाचं मीच तिला सांगितलं होतं. आईच्या मागे ती दिवसभर गप्प बसून असायची, तेव्हा एकदा बोलता बोलता म्हणालो, शेवटपर्यंत सकाळी सातला माझ्या हातून अर्धा कप घ्यायची. तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

पानावर तारीख दोन जूनची आहे. आपण माझ्या टेबलावर भांडलो ती तारीख त्याच वर्षीची चोवीस जून. मी पुन्हा पुन्हा पाहिली. अक्षर तिचंच आहे, तारीख स्पष्ट आहे.

म्हणजे तिने माझ्यावर विश्वास ठेवला असं मी तुम्हाला लिहिलं, ते खरं नाही. तिला सगळं माहीत होतं. "दादा पाहिल्याशिवाय लिहीत नाही" हे ती माहीत असून म्हणाली. तुम्ही बरोबर आहात हेही तिला माहीत होतं, तुम्ही दार उघडून गेलात तेव्हासुद्धा.

हस्तलिखितात त्या तीन दिवसांखाली तिची तळटीप आहे: "या वाढीचे कारण समजलेले नाही." तिच्या दोनशे दहा पानांत मला खोटं असं एवढं एकच वाक्य सापडलं.

हे तुम्हाला कळवावं की नाही यावर मी रात्र काढली. न कळवता तुमचं ओझं कमी राहिलं असतं. पण न कळवण्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. वहीचं पान फोटोकॉपी करून सोबत ठेवलं आहे. मूळ वही तुम्हाला हवी असेल तर पाठवीन. नसेल तर माझ्यापाशी राहू द्या.

दादा


११ जानेवारी

भाऊजी,

तुमचं चार पानी पत्र आणि सहीचे कागद एकाच दिवशी मिळाले. विभागप्रमुख बाईंकडे पोचवले.

तुम्ही विचारलं आहे की तिने तुम्हाला एकदा दार लावून सांगितलं का नाही. "मी काय दादांना फासावर देणार होतो?" असं तुम्ही लिहिलंत. त्या संध्याकाळी तुम्ही पत्र लिहिण्याची भाषा केली होती हे मला आठवतं. तुम्ही ते लिहिलं नसतंत हे आज मलाही पटतं. ती त्या वेळी तुम्हाला आणि मला दोघांनाही नीट ओळखत होती, आणि तिने दोघांबद्दल काय हिशेब मांडला ते त्या वहीत कुठे नाही. मी सगळ्या वह्या पाहिल्या.

वीज कार्यालयात जाऊन लेखी दिलं. तिथल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "काका, तुमच्या त्या लॉगशीटा रद्दीत गेल्या. आता सगळं यंत्रावर आहे. कोणाची चौकशी करू? तुमची?" मी म्हणालो, करा. ते म्हणाले, "चहा घ्या." मी कागदावर पोच घेतली आणि निघालो. सात वर्षं ज्याला भीत होतो ते एवढंच होतं. एका शिक्क्यात संपलं.

नियोजन कार्यालयातल्या इंजिनीअर बाईंनी मात्र मला दीड तास बसवून घेतलं. त्यांनी ते तीन दिवस वगळून मुंगीचं गणित माझ्यासमोर पुन्हा चालवलं. सहा वर्षांत तिचा एकही दिवस चुकला नव्हता. बाई म्हणाल्या, "साठवण एवढीशी पुरली असती हो." योजना पुढच्या बैठकीत पुन्हा मांडते म्हणाल्या. मांडतील. तोवर डिझेलचं केंद्र चालू आहे. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर अजून काजळी बसते.

आभाराच्या पानाबद्दल तुम्ही लिहिलंत, "नाव राहू द्या. बाकी सहा वर्षं तुम्ही पाहूनच लिहिलंत." मी आग्रह धरत नाही.

एक मागणी आहे. तीन दिवस काढले तर पानावर जागा मोकळी राहील आणि तिथे तिची ती तळटीप उरणार नाही, हे ठीक. पण काढल्या जागी काहीतरी खरं असावं असं मला वाटतं. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात लिहितो.

दादा


२० जानेवारी

भाऊजी,

इंजिनीअर बाईंच्या शब्दाने मला तीन दिवस उपकेंद्रात बसायची परवानगी मिळाली. महिना वेगळा आहे, पण चंद्र तेव्हाच्याइतकाच संपत आलेला असेल असे तीन दिवस मी तुमच्या दिनदर्शिकेवरून काढले. हिवाळ्यामुळे आकडे थोडे वेगळे येणार, तेवढं समजून घ्यावं.

खोली तीच आहे. टेबल बदललं, खिडकीची जाळी बदलली. आकडे आता पडद्यावर येतात, पण भिंतीवरचा काट्याचा जुना मीटर अजून जोडलेला आहे. ड्यूटीवरचे ऑपरेटर म्हणाले, "आजोबा, पडद्यावरचंच छापून देतो की, कशाला बसता थंडीत?" मी म्हणालो, बसायलाच आलो आहे. त्यांनी खुर्ची दिली आणि मग मला एकटं सोडलं.

साडेपाचच्या सुमाराला खिडकीतून टेकडी दिसायला लागते. वर प्रार्थनागृहात एकच दिवा होता. खाली रस्त्यावर कोणी नव्हतं. प्रत्येक तासाला मी उठून मीटरसमोर जात होतो, काटा थांबेपर्यंत उभा राहत होतो आणि मग लिहीत होतो. सात वाजता हात थोडा थांबला. पण सातचाही लिहिला.

तिन्ही दिवसांची पानं सोबत आहेत. शाईने लिहिली आहेत, खाली सही आहे. पुस्तकात घ्यायची की नाही ते तुम्ही आणि बाई ठरवा. घेतली नाहीत तर तिच्या त्या वहीत, शून्याच्या पानासमोर ठेवीन.

पहिला दिवस: चार वाजता १४१, पाच वाजता १४३. दुसरा: १४०, १४४. तिसरा: १४२, १४२. पुढचे तास पानांवर आहेतच.

काटा चढला नाही. शहर झोपलेलं होतं. पाहून लिहिलं आहे.

दादा